‘नमुना अपुरा’ म्हणजे काय?

प्रश्न : पॅप तपासणीच्या रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’ असा शेरा आलाय. वय ४२. कॅन्सर तर नसेल ना?

उत्तर : ताई, या शेऱ्यावरून कॅन्सर आहे किंवा नाही, काहीच ठरत नाही. पॅप तपासणीत गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी काचपट्टीवर घेतात; अशा काचपट्ट्या मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघते. कधी रक्ताचा थर पेशी झाकून टाकतो, कधी पेशीच पुरेशा नसतात. दोन ते चार महिन्यांत तपासणी पुन्हा करा. पाळीचे दिवस टाळा. आधीचे दोन दिवस योनीत औषध, क्रीम नको. शक्य असेल तर एचपीव्ही डीएनए चाचणी करून घ्या, हे अगदी आग्रहानं सांगते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत ठरणारा एचपीव्ही हा विषाणू ती थेट शोधते, त्यामुळे धोका नजरेतून कमी सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२१ मध्ये तिलाच पसंती दिली. मात्र संबंधानंतर रक्त जात असेल, तर थांबू नका, लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.