राखेलच्या कवितांना चाल लावताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. हिब्रू कवयित्री राखेलच्या कवितांवरची तुझी तीन गीतं परवापासून पियानोवरच आहेत. मेझो (मधल्या पट्टीची गायिका), क्लॅरिनेट, व्हायोला आणि चेलो हा मेळ सुरेख जमला आहे. पण पहिल्याच गीतात मी अडखळले. आपला मराठी कान लघु-गुरू मोजतो, दीर्घ अक्षर दिसलं की सूर लांबवतो. हिब्रूत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, मोजायचा असतो, आणि तो बहुधा शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर पडतो. तिने आपल्याच नावाच्या मेंढपाळणीवर लिहिलेली कविता तू घेतलीस, आणि ते नाव 'रा'वर तोलून धरलंस. ते 'खेल'वर उतरायला हवं.

आघात चुकला तर अर्थही चुकतो. उत्पत्तीच्या २९व्या अध्यायात हीच राखेल, मराठी बायबलातली राहेल, मेंढरं घेऊन येते. सहाव्या वचनात 'बाआ'चा आघात शेवटी आहे: ती येते आहे. नवव्यात तोच शब्द, आघात सुरुवातीला: ती आली. राशी या ज्यू भाष्यकाराने अकराव्या शतकात हा फरक टिपून ठेवला आहे. ती विहिरीपाशी पोचली हे एवढ्या आघातावरून कळतं, आणि आपण तो सुरात हरवायचा?

पुढे कवी बियालिकच्या हिब्रू कविता घेशील तेव्हा उलटी अडचण येईल. त्याचे छंद अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, उच्चारावर बेतलेले, आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर. आजच्या इस्रायली उच्चारात ते लंगडतात. मी तरी अश्केनाझीच ठेवीन.

आता 'ख'. तो आपला ख नव्हे, घशातून घासत येणारा श्वास आहे. त्यावर सूर धरता येत नाही. गायिका तो ठोक्याच्या किंचित आधी काढील आणि स्वर ठोक्यावर आणील. नेमकं तेव्हाच तुझं क्लॅरिनेट तिच्याच पट्टीत जोरात वाजतं आणि व्यंजन बुडतं. त्याला तिच्या खाली उतरव, नाहीतर गप्प ठेव. चेलोचा पिझिकाटो, म्हणजे बोटाने छेडलेला सूर, चालेल, तो लगेच विरतो.

स्वरलिपी डावीकडून उजवीकडे जाते, हिब्रू उलट. म्हणून सुरांखाली रोमन लिप्यंतर घाल, आघाताचं अक्षर ठळक कर, आणि पहिल्या पानावर मूळ कविता निकुदसह, म्हणजे स्वरखुणांसह, छाप.

आठवडाभर चाल बाजूला ठेव. कविता मोठ्याने वाच, आघातावर हात मांडीवर पडू दे. मग पहिलं गीत पुन्हा पाठव. त्याच्या शेवटचा व्हायोलाचा एकटा सूर मात्र तसाच राहू दे.

तुझी,
बाई