वाचकांचे प्रश्न : व्होल्ट, अँपिअर आणि वॅटचा हिशेब

प्रश्न : आमच्या गीझरवर 230 व्होल्ट, 2000 वॅट असं छापलेलं आहे. सकाळी व्होल्टेज 190 पर्यंत उतरतं आणि 15 लिटर पाणी तापायला फार वेळ लागतो. वायरमन म्हणतो, व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो, जाड वायर टाका. गीझर तेव्हा नक्की किती वॅट घेतो? (बार्शी)

उत्तर : वायरमनचं म्हणणं मोटरला लागू पडतं, गीझरला नाही. गीझरमध्ये नायक्रोमची कॉइल असते. थंड असो वा गरम, तिचा रोध थोड्याच टक्क्यांनी बदलतो. म्हणून हिशेबात पक्का धरायचा तो रोध. 2000 वॅट हा आकडा 230 व्होल्टपुरताच खरा.

करंट = 2000 ÷ 230 = 8.7 अँपिअर. रोध = 230 ÷ 8.7 = सुमारे 26.4 ओहम. हाच रोध धरून 190 व्होल्टला करंट येतो 190 ÷ 26.4 = 7.2 अँपिअर आणि वॅट 190 × 7.2 = 1368. व्होल्टेज 17 टक्के घटलं, पण त्यासोबत करंटही घटला, त्यामुळे वॅट जवळजवळ 32 टक्क्यांनी गेले. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 अंशांवर न्यायला 2000 वॅटला साधारण 16 मिनिटं लागतात, 1368 वॅटला 23. वीज मात्र दोन्ही वेळा अर्ध्या युनिटच्या आसपासच जाते, म्हणजे बिलाला फारसा धक्का नाही.

करंट प्रत्यक्ष मोजायचा तर क्लॅम्प मीटर घ्या, म्हणजे वायरभोवती जबडा घालून करंट मोजणारं मीटर. त्याच्या जबड्यात फक्त फेजची वायर घालायची. फेज आणि न्यूट्रल एकत्र पकडले तर दोघांचे परिणाम एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. व्होल्टेज गीझर चालू असतानाच पाहा. बंद असताना 205 दिसणारं व्होल्टेज लोड आल्यावर 190 होऊ शकतं, मग भागाकार चुकतो.

साध्या मल्टीमीटरने रोध पाहायचा असेल तर प्लग बाहेर काढा, मीटर 200 ओहमच्या रेंजवर ठेवा, आधी प्रोब एकमेकांना टेकवून येणारा 0.2-0.3 ओहम लिहून घ्या आणि तो वजा करा. मग प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिनांवर 25-26 ओहम दिसायला हवेत. काहीच आलं नाही तर लगेच कॉइल गेली म्हणू नका. पाणी गरम असल्याने थर्मोस्टॅटने सर्किट तोडलेलं असेल, किंवा गीझरचं बटणच बंद असेल. फेज आणि अर्थ पिनांमध्ये मात्र काहीही दिसता कामा नये. तिथे रोध दिसला तर गीझर वापरू नका. दिसला नाही म्हणूनही निर्धास्त होऊ नका, कारण मल्टीमीटर काही व्होल्टवरच तपासतो. इन्शुलेशनची खरी परीक्षा 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्शुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने होते.

प्रश्न : 60 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध मल्टीमीटरवर 65 ओहम आला. सूत्राने 882 येतो. मीटर बिघडला का? (राजापूर)

उत्तर : नाही, दोन्ही आकडे बरोबर आहेत. 230 × 230 ÷ 60 = 882 हा पेटलेल्या बल्बचा रोध, तुम्ही मोजला तो थंड तारेचा. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तिचा रोध बारा-पंधरा पटींनी वाढतो. बटण दाबल्या क्षणी 230 ÷ 65 म्हणजे साडेतीन अँपिअरपर्यंत करंट धावू शकतो, पुढे तो 0.26 वर येतो. जुने बल्ब बहुधा लावतानाच का जातात, ते यातून कळेल. नववीतला ओहमचा नियम तापमान कायम असल्याच्या अटीवर आहे. मुलं ती अटच गाळतात आणि मग असे प्रश्न पडतात.

प्रश्न : बोअरच्या एक एचपी मोटरला 230 व्होल्टला 7 अँपिअर करंट येतो. गुणाकार 1610. एक एचपी तर 746 वॅट, मग बाकीची वीज जाते कुठे? (निफाड)

उत्तर : 746 वॅट हे शाफ्टवर मिळणारं काम, मोटर ओढते त्याहून जास्त. आणि 1610 हे वॅट नव्हेतच, व्होल्ट-अँपिअर आहेत. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे राहतो, म्हणून पॉवर फॅक्टरने, म्हणजे खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर या आकड्याने गुणावं लागतं. तो घरच्या मीटरवरूनच काढा. घरातलं बाकी सगळं बंद ठेवून मोटर चालवा आणि मीटरचा लाल दिवा 60 सेकंदांत किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर ‘3200 इम्पल्स प्रति युनिट’ असेल आणि 64 लुकलुक झाल्या, तर 64 × 36,00,000 ÷ (3200 × 60) = 1200 वॅट. पॉवर फॅक्टर 1200 ÷ 1610, म्हणजे 0.75. 1200 मधून 746 वजा जाता उरलेले साडेचारशे वॅट वाइंडिंगची (आतल्या तारेच्या वेटोळ्यांची) उष्णता, लोखंडातला तोटा आणि घर्षण यात जातात. 230 ÷ 7 करून 33 ओहम काढाल, तर तो वाइंडिंगचा रोध नाही. मीटरने तो काही मोजकेच ओहम दिसेल. व्होल्टेज उतरल्यावर करंट वाढतो तो या मोटरचा, कारण पाणी तेवढंच उचलायचं असतं.

प्रश्न : गीझरच्या प्लगची एकच पिन काळी पडते. वायर तर जाड आहे. (सावंतवाडी)

उत्तर : त्या पिनेचा सॉकेटशी सांधा सैल आहे. तिथे फक्त 0.2 ओहम रोध आला, तरी 8.7 × 8.7 × 0.2 = 15 वॅट उष्णता त्या टीचभर जागेत साठते, छोट्या सोल्डरिंग गनसारखी. साध्या मल्टीमीटरला हा रोध धड कळत नाही, त्याच्या प्रोबचाच तेवढा असतो. नुसता प्लग बदलून उपयोग नाही. तापून सॉकेटच्या आतल्या पट्टीचा ताण गेलेला असतो, ती नवी पिनही जाळते. मेन बंद करून 16 अँपिअरचं सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. वायरचं काळं पडलेलं टोक कापून टाका आणि स्क्रू नीट आवळा.