‘बुशिदो’ हे सामुराईंच्या, म्हणजे जुन्या जपानी योद्ध्यांच्या, नीतीवरचं पुस्तक जपानी माणसाने थेट इंग्रजीत का लिहिलं?

कारण प्रश्नच परक्यांनी विचारला होता. बेल्जियन कायदेपंडित लावले यांनी या पुस्तकाचे लेखक नितोबे इनाझो यांना विचारलं, तुमच्या शाळांत धर्म शिकवत नाहीत, मग मुलांना नीती कळते कशी? नितोबेंना तेव्हा उत्तर सुचलं नाही. पुढे अमेरिकन पत्नी मेरीही ‘हे असंच का, ते तसंच का’ विचारत राहिली. आजारपणात कॅलिफोर्नियात विश्रांती घेताना त्यांनी ते उत्तर लिहून काढलं, १९०० च्या सुमारास.

वाचक पाश्चात्त्य, म्हणून सामुराईंचं शौर्य, निष्ठा, लाजेची चाड हे सगळं युरोपातल्या सरदारांच्या, ग्रीक-रोमन आणि बायबलच्या दाखल्यांनी समजावलंय. हाराकिरीच्या (पोट चिरून आत्महत्येच्या) प्रकरणात तर सॉक्रेटिसचा विषाचा प्याला येतो! नितोबे सामुराई घराण्यात जन्मलेले (१८६२), पण क्वेकर या पंथाचे ख्रिस्ती. दोन्हीकडची भाषा त्यांना येत होती.

पण हा सामुराईंचा इतिहास समजून वाचू नका. ते आदर्शाचं चित्र आहे, तेही सामुराई वर्ग मोडीत निघाल्यावर रंगवलेलं. प्रत्यक्षातले सामुराई धनी बदलत, दगाही देत. चेंबरलेन या जपान-अभ्यासकाने १९१२ मध्येच या ‘बुशिदो’ला नवी घडवलेली गोष्ट म्हटलं होतं. मला तरी ते पुस्तक नितोबेंना समजून घ्यायला जास्त उपयोगी वाटतं.