प्रोफेसरांच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या रिसर्च लॅबमध्ये शिरायचंय? मग आधी हे वाच
सगळ्या प्रोफेसरांना एकच मेल कॉपी-पेस्ट करू नकोस, लगेच कळतं त्यांना. दोघा-तिघांचे अलीकडचे पेपर काढ, निदान अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाच आणि त्यातलं नेमकं काय आवडलं ते दोन ओळीत लिही, सोबत टाइमटेबलही जोड, कारण रिअ‍ॅक्शन लावा, वर्कअप करा (म्हणजे मिश्रणातून प्रॉडक्ट वेगळं काढा), मग ते शुद्ध करायला कॉलम, हे सगळं तासाभराच्या गॅपमध्ये होत नाही, सलग ३-४ तास मोकळे लागतात. सुरुवातीला ग्लासवेअर धुणं आणि टीएलसीच (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, रिअ‍ॅक्शन कुठवर आली ते छोट्या प्लेटवर बघायची टेस्ट) वाट्याला येणार, पण टीएलसी नीट वाचता आली की सिंथेसिसचं (संयुगं बनवण्याचं) बरंच काम सोपं होतं. रोजचं शिकवतात ते पीएचडीवाले, त्यांच्याशी जमवून घे. आणि नोटबुक तिथल्या तिथे, पेनानेच लिही, वजन टिश्यूवर खरडून "नंतर उतरवतो" म्हणणारे (असतात असे!) हमखास घोळ घालतात.