फोमपासून घरच्या घरी साय-फाय चिलखत बनवता येतं का, की थ्रीडी प्रिंटच करावं लागतं?

येतं. प्रिंटरची गरज नाही.

तुम्ही लिहिलंय की बजेट कमी आहे, हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) नाही आणि ‘फोमचं चिलखत खेळण्यातलं वाटतं’ असं कुणीतरी सांगितलंय. हे शेवटचं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. हेच वाक्य मी आमच्याच घरात ऐकलंय, चुलतभावाच्या तोंडून.

मी सांगलीत ब्लाऊज शिवते. भाचीच्या कॉलेजने एकांकिका बसवली होती, परग्रहावर अडकलेल्या दोन सैनिकांची. दोघांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत चिलखत हवं होतं आणि पोरांच्या खिशात पैसे नव्हते, म्हणून भाची माझ्याकडे आली. दादा, म्हणजे तोच चुलतभाव, तेव्हा पुण्याहून आलेला. तो मेकॅनिकल इंजिनिअर, घरी स्वतःचा थ्रीडी प्रिंटर. तो म्हणाला, “हे डिझाईनचं काम आहे गं, तू ब्लाऊज शीव.” सगळ्यांसमोर म्हणाला. भाचीने मधला मार्ग काढला, एक संच दादाने करायचा, एक मी.

माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आज आहे: चिलखत हे शिवणकाम आहे. सपाट शीटमधून गोल अंग झाकायचं आणि आतल्या माणसाला हलता आलं पाहिजे, एवढाच प्रश्न असतो. हा प्रश्न बायका रोज कटोरी ब्लाऊज कापताना सोडवतात. सपाट तुकड्याची कड वक्र कापून दुसऱ्या वक्र कडेला जोडली की फुगवटा येतो. टक, म्हणजे कापड चिमटीत दुमडून घातलेली शिवण, घेतला की टोक येतं. फोमलाही हाच नियम लागू, फक्त सुईऐवजी सोल्युशन, म्हणजे रबरी गोंद.

म्हणून पहिलं काम माप आणि कागद. मी त्या मुलाला जुना टी-शर्ट घालायला लावला, त्यावर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळली आणि वरून मास्किंग टेप आडवी-उभी मारली. मग मार्करने अंगावरच चिलखत काढलं: छातीचा भाग कुठे संपतो, काखेत किती जागा सोडायची, पोटावरच्या पट्ट्या कुठून सुरू होतात. काढताना त्याला हात वर करायला लावला, खाली बसायला लावलं, बूट बांधायला लावला. जिथे टेपला सुरकुती पडली तिथे सांधा, ती जागा मोकळी. मग पाठीमागून कापून ते कवच काढलं आणि जमिनीवर पसरलं. जिथे सपाट बसेना तिथे कात्री मारली. ती चीर म्हणजेच तुमचा टक. अर्धीच बाजू कागदावर उतरवायची, दुसरी उलटी करून घ्यायची, म्हणजे डावं-उजवं सारखं येतं. जोडायच्या कडांवर खुणा करायला विसरू नका.

कापडात आणि फोममध्ये एक फरक आहे, जाडीचा. १० मिमी फोम अंगाभोवती पूर्ण फिरवला की बाहेरचा घेर आतल्यापेक्षा सव्वासहा सेंटीमीटरने जास्त होतो. त्यामुळे अंगाच्या नेमक्या मापाने कापलेला तुकडा नेहमी तोकडा पडतो. मी बाजूच्या शिवणी उघड्या ठेवून तिथे रुंद इलॅस्टिक दिलं. श्वास घ्यायलाही जागा मिळाली आणि दुसरा मुलगा उभा राहिला असता तरी चाललं असतं.

साहित्यासाठी लांब जायला नको. फोम म्हणजे ईव्हीए, चपलेच्या तळव्याला लागतो तोच. चपलांचं सामान विकणाऱ्या दुकानात शीट मिळते, नाहीतर जिममधल्या एकात एक अडकणाऱ्या काळ्या मॅट घ्या आणि त्यांची खडबडीत बाजू आत टाका. बारीक नक्षीला स्टेशनरीतली दोन मिमीची फोम शीट. टीव्हीच्या खोक्यातून निघतो तो पांढरा मऊ फोम घेऊ नका, तो पॉलिथिलीनचा असतो, त्यावर सोल्युशन नीट धरत नाही. थर्माकोल तर नकोच. सोल्युशन लागलं की तो विरघळतो, स्प्रे पेंटनेही तेच. शिवाय २०१८ पासून आपल्याकडे सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे.

चिकटवायला एसआर ९९८ किंवा तसलंच रबर सोल्युशन. दोन्ही कडांना पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून त्या खुणा. ग्लू गन वापरायचा सल्ला सगळे देतात, मी देणार नाही. तो गोंद उष्णतेने मऊ पडतो, आणि आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे.

हीट गनचं विचारलंत. जाड फोमला हवीच, केसांच्या ड्रायरने दोन मिमीच्या पुढे फार काही होत नाही. विकत मात्र घेऊ नका. गाड्यांना रेडियम लावणाऱ्यांकडे असते, संध्याकाळपुरती मागा. उष्णतेचं खरं काम मी सांगते, कारण हे पाहिलं की फोमला खेळणं म्हणणारा माणूस गप्प बसतो. नव्या ब्लेडने फोमवर रेघ मारायची, अर्ध्या जाडीपर्यंतच, आरपार नाही. मग त्यावरून गरम हवा फिरवायची. आधी पृष्ठभागावर चकाकी येते, बारीक छिद्रं मिटतात. मग ती रेघ आपोआप उघडते, दोन्ही ओठ मागे सरकतात आणि मध्ये स्वच्छ खोल फट तयार होते, दोन धातूचे पत्रे शेजारी शेजारी बसवल्यासारखी. मी रात्री गच्चीवर हे करत होते तर भाची बाजूला बसून नुसती रेघा उघडताना बघत होती. तेवढ्यातच तो तुकडा गुडघ्यावर दाबून धरायचा, गार होईपर्यंत. वळण कायमचं बसतं.

वरच्या सामानासाठी सांगलीकराला तर काहीच कमी नाही. आमच्याकडे द्राक्षबागा, ऊस, घरोघरी ठिबकचं जुनं सामान पडलेलं. सोळा मिमीची काळी लॅटरल नळी कमरेपासून पाठीपर्यंत नेली की प्राणवायूची नळी झाली. जॉइनर, एंड कॅप, ड्रिपर हे सगळं छातीवरच्या यंत्रासारखं बसलं. मावसभावाच्या तासगावच्या बागेतून पिशवीभर आणलं होतं. औषधाच्या बाटल्यांची झाकणं, जुन्या कीबोर्डची बटणं, प्रेशर कुकरची फुटकी मूठ, काहीही चालतं. फक्त सगळ्यावर एकच रंग आला पाहिजे.

रंगाआधी फोम बंद करावा लागतो, नाहीतर तो रंग पितो. पांढरा फेविकॉल पाण्यात पातळ करून चार-पाच हात द्यायचे, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. मग काळा ॲक्रिलिक, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांना चंदेरी. चंदेरी फक्त कडांनाच. वापरलेल्या लोखंडाची झीज कडेलाच होते, सबंध चंदेरी रंगवलं की ते खरोखरच खेळणं दिसतं.

आता दादाचा संच. दिसायला सुरेख होता, ते मी तोंडावर सांगितलं होतं. पण त्याने माप म्हणून छाती, कंबर, उंची असे आकडे व्हॉट्सॲपवर मागवले आणि पुण्यात बसून छापलं. तालमीत तो मुलगा गुडघ्यावर बसला तर मांडीचा तुकडा पोटात रुतला. हात वर केला की खांद्याची वाटी कानाला लागायची. आणि आवाज! कडक प्लास्टिकच्या वाट्या एकमेकींवर आपटायच्या. एकांकिकेला रंगमंचाच्या कडेला माइक लावलेले असतात. त्याच्या प्रत्येक पावलाला खडखड, समोरच्याचं वाक्य बुडायचं. दादा म्हणाला, “चिलखताचा आवाज यायलाच हवा, तेच खरं वाटतं.” आवाज हवा असेल तर तो संगीतवाला देईल, हवा तिथे आणि हवा तेवढाच. नटाचं वाक्य बुडवून कसला खरेपणा? विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे खेळ केला त्या गावात तरी हे कुणाला समजवायला लागू नये.

पुढे एका प्रसंगात सैनिक कोसळतो. तालमीत तो मुलगा खराच कोसळला आणि दादाची खांद्याची वाटी आडवी फाटली, अगदी सरळ रेषेत. प्रिंट थरावर थर देऊन होतं, त्या दोन थरांमधला जोड सगळ्यात कच्चा असतो. शिरस्त्राण त्याने आदल्या दिवशी गाडीच्या मागच्या काचेशी ठेवलं होतं, ते दुपारच्या उन्हात एका बाजूने बसलं. पीएलए, म्हणजे त्याच्या प्रिंटरमधलं प्लास्टिक, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हातल्या बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते. दादाचं अजून म्हणणं आहे की एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये केलं असतं तर हे झालं नसतं. उष्णतेपुरतं बरोबर आहे. पण एबीएसचा असो की कशाचाही, कानाला लागणारा खांदा कानालाच लागणार.

माझ्या खांद्याचं सांगते, कारण तुम्हीही अडणार ते तिथेच. खांदा एका वाटीचा करू नका. चार पट्ट्या करा, वरची सगळ्यात मोठी, प्रत्येक पट्टी खालचीवर बोटभर चढलेली. आतून दोन उभ्या इलॅस्टिकच्या पट्ट्यांना त्या चिकटवा आणि वरून दोन टाके घाला. हात वर केला की पट्ट्या एकीखाली एक सरकतात, खाली आणला की उघडतात. फोमवर फोम घासतो, आवाज नाही. आणि सगळं चिलखत थेट अंगावर बांधू नका. आमच्या इथल्या ड्रेपरीवाल्या काकांनी मला हे सांगितलं, ऐतिहासिक नाटकांना कपडे पुरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आत जाड सुती बंडी शिवायची आणि चिलखताचे तुकडे त्या बंडीला टिचबटणांनी लावायचे. वजन खांद्यांवर सारखं पडतं, घाम बंडीत जातो, आणि दोन प्रवेशांच्या मध्ये अंधारात मिनिटभरात उतरवता येतं. चिलखतं पत्र्याची असोत की फोमची, ही पद्धत मला सगळ्यात पटली.

प्रयोगाला दोघेही फोममध्येच उभे होते. दुसरा संच मी आणि भाचीने घाईत केला, कागद तयार होताच. दादा बघायला आला होता. नंतर चहा पिताना म्हणाला, “लांबून बरं दिसलं.” पहिल्या रांगेत बसला होता तो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सोल्युशनची वाफ डोक्यात जाते, काम गच्चीवर किंवा उघड्या व्हरांड्यात करा, जवळपास गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको. फोम तापवतानाचा धूरही तसाच, धूर दिसला म्हणजे जास्त तापलं. घासायचं तर मास्क लावा. तयार चिलखत पेटू शकतं, म्हणून मिरवणुकीत फटाक्यांजवळ नाही. फेविकॉलचा थर पावसात मऊ पडतो, बाहेर घालायचं असेल तर वरून वॉर्निशचा हात द्या. आत भयंकर उकडतं, तास-दोन तासांच्या वर कुणाला डांबून ठेवू नका. शिरस्त्राण केलंत तर नाकापुढे भोकं ठेवा, नाहीतर काचेवर वाफ धरते आणि पुढचं दिसत नाही. आणि प्रिंटरशी माझं वैर नाही. बंदूक, कानावरची गोल चकती, पट्ट्याचा बक्कल, जे वळायचं नाही ते ओळखीच्याकडून खुशाल छापून घ्या.

खर्चाचं नेमकं सांगत नाही, कारण ते तुमच्या घरात काय पडलंय त्यावर आहे. आमचं बरंचसं सामान मागून आणलेलं होतं, पैसे मुख्यतः शीट, सोल्युशन आणि ब्लेडवर गेले. ब्लेड भरपूर घ्या. फोम धार फार लवकर खातो आणि बोथट ब्लेडने कड दातेरी येते. बाकी तुमची उंची आणि छातीचं माप मला कळवू नका, त्यावरून काही सांगता येत नाही. घरातल्या कुणाला तरी टेप घेऊन समोर उभं करा आणि खाली बसून दाखवा.