मेडिकलच्या मुलाखतीला निघालेल्या मुलीस

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नजर त्या यादीवरच अडकली. मुलाखतीत विचारले जातील असे अठरा प्रश्न आणि प्रत्येकाखाली तू पाठ करायला घेतलेलं उत्तर. दुसऱ्या वाचनात शेवटची ओळ दिसली, घाईत लिहिलेली: ‘मावशी, त्यांना नक्की काय ऐकायचं असतं गं?’ तिथूनच सुरुवात करते. मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले आहे, आणि मला ठरावीक असं काही ऐकायचं कधीच नसायचं. मला बघायचं असायचं.

काय बघायचं, ते मुलाखतीच्या एका खोलीतून सांगते. खोलीत दोन खुर्च्या. एका खुर्चीत शेजाऱ्याची भूमिका करणारा साठीचा एक नट बसलेला. तुझ्यासारखी मुलं दारावरचा कागद वाचून आत यायची. कागदावर एवढंच: ‘तुम्ही शेजाऱ्यांचं घड्याळ एका कार्यक्रमासाठी मागून नेलं होतं. ते तुमच्या हातून पडून फुटलं. त्यांना सांगा.’ एक मुलगा आला, छान बोलणारा. चाळीस सेकंदांत त्याने माफी मागितली, भरपाई देऊ केली, दुरुस्तीचं दुकान शोधून देतो म्हणाला. मग उरलेला वेळ त्याने तेच तीन वेळा सांगितलं. त्याच्या पाठोपाठ आलेली मुलगी अडखळत होती. तिने सांगितलं, ‘घड्याळ फुटलं. माझ्या हातून पडलं.’ आणि थांबली. नटाने उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट धरलं. तिने ते पाहिलं. ‘कुणाची आठवण होती का ती?’ असं विचारलं आणि गप्प बसली. तो बोलू लागला. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हाही तोच बोलत होता.

त्या मुलाने काही चुकीचं केलं नव्हतं, बाळा. त्याची तयारी तुझ्या यादीसारखीच पक्की होती. पण समोरचा माणूस त्याला दिसलाच नाही, कारण तो डोक्यातलं उत्तर वाचत होता. म्हणून म्हणते, ती अठरा उत्तरं बाजूला ठेव. प्रश्न मात्र राहू देत, ते लागतील.

अशा, एकामागून एक खोल्यांत होणाऱ्या छोट्या मुलाखतींना ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’ म्हणतात, सगळे एमएमआय म्हणतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात केविन इवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली आणि २००४ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना खोल्याखोल्यांतून फिरवून रुग्ण तपासण्याचं कौशल्य जोखायची पद्धत आधीपासून होती. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ती १९७५ मध्ये मांडली होती. तीच कल्पना इवा आणि सहकाऱ्यांनी प्रवेशाच्या मुलाखतीला लावली. कारण अगदी साधं आहे. माणूस एका प्रसंगात कसा वागतो यावरून तो दुसऱ्यात कसा वागेल ते फारसं कळत नाही. आणि एकाच पॅनेलपुढे अर्धा तास बसलीस की पहिल्या पाच मिनिटांत झालेलं मत पुढच्या पंचवीस मिनिटांना रंगवून टाकतं. मॅकमास्टरमध्ये एका खोलीत आठ मिनिटं आणि दोन खोल्यांच्या मध्ये दोन मिनिटं अशी रचना होती. आता प्रत्येक कॉलेजची वेळ वेगळी असते, पण सांगाडा तोच. तुझ्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट अशी, की प्रत्येक खोलीत नवा परीक्षक असतो आणि मागच्या खोलीत तुझं काय बिनसलं ते त्याला माहीत नसतं. तिसऱ्या खोलीतली चूक चौथ्या खोलीत घेऊन जाणारी फक्त तूच असतेस. मी कितीतरी मुलं अशी पडताना पाहिली आहेत, चांगली मुलं, आणि दर वेळी जीव हळहळला.

दाराबाहेरच्या त्या वेळात कागद पूर्ण वाच. शेवटच्या ओळीपर्यंत. ‘तुमचं मत सांगा’ आणि ‘दोन्ही बाजू मांडा’ या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मित्राला समजावा’ आणि ‘मित्राशी बोला’ याही वेगळ्या. दार उघडायच्या आधीच मनात भाषण सुरू झालं की नेमकी हीच ओळ निसटते.

आता परीक्षा. यूकॅटचा, म्हणजे ब्रिटनमधल्या मेडिकल प्रवेश परीक्षेचा, सराव करूनही वेळ पुरत नाही, असं लिहिलं आहेस. वेळ पुरू नये अशीच ती परीक्षा रचलेली आहे, तेव्हा आधी स्वतःला दोष देणं थांबव. २०२५ पासूनच्या रचनेत शाब्दिक तर्काच्या भागात ४४ प्रश्नांना २२ मिनिटं आहेत, म्हणजे प्रश्नाला तीस सेकंद. उताऱ्याचं वाचन त्यातच आलं. आकृत्यांमधला क्रम ओळखायचा ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट रीझनिंग’ हा भाग २०२५ पासून काढून टाकला आहे. तुझ्या ताईकडून आलेल्या जुन्या पुस्तकात तो असणार, त्यावर एक संध्याकाळही घालवू नकोस. एकूण गुणही आता ९०० ते २७०० या पट्टीवर मिळतात, त्यामुळे जुन्या मुलांच्या गुणांशी स्वतःचे गुण ताडून बघू नकोस. तिकडची दुसरी प्रवेश परीक्षा, बीमॅट, तर २०२३ नंतर बंदच झाली.

ही परीक्षा काय मोजते ते एका उदाहरणातून बघ. उताऱ्यात असतं: ‘हे औषध दिलेल्या बहुतेक रुग्णांचा ताप दोन दिवसांत उतरला.’ खाली विधान: ‘औषध दिलं नसतं तर ताप उतरायला जास्त दिवस लागले असते.’ खरं, खोटं, की सांगता येत नाही? हुशार मुलं पटकन ‘खरं’ म्हणतात. पण औषध न घेतलेल्यांचं काय झालं ते उताऱ्यात आहेच कुठे? ताप आपोआपही उतरला असता. उत्तर ‘सांगता येत नाही’. पुढे आयुष्यभर तुझ्यासमोर कोणी ना कोणी येऊन ‘हे घेतलं आणि बरं वाटलं’ असं सांगणार आहे. तेव्हा हाच प्रश्न मनात उठायला हवा. म्हणून हा भाग नुसता अडथळा समजू नकोस, त्यात तुझं पुढचं काम लपलं आहे. सरावात चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाशेजारी एक ओळ लिही: मी कागदाबाहेरचं काय गृहीत धरलं? दोन आठवड्यांत तुझ्या चुकांची तऱ्हा तुलाच दिसेल.

एमकॅटचा, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल प्रवेश परीक्षेचा, स्वभाव निराळा. तिथे दमसास लागतो: २३० प्रश्न आणि मधल्या सुट्ट्या धरून साधारण साडेसात तास. गुण ४७२ ते ५२८ मध्ये, मधोमध ५००. रसायन, जीवशास्त्र, मानसशास्त्र हे सगळं त्यात आहे. पण पाठांतरावर भिस्त ठेवणारी मुलं बहुधा अडखळतात ती वाचनाच्या भागात: ९० मिनिटांत ५३ प्रश्न आणि बाहेरचं कुठलंही ज्ञान नको. त्याला रोजचं वाचन हाच उपाय, आणि तो सहा महिने आधी सुरू करावा लागतो. दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. नीटच्या तयारीत ‘खात्री नसेल तर सोड’ ही सवय लागलेली असते, कारण तिथे बरोबर उत्तराला चार मिळतात आणि चुकीला एक जातो. ती सवय इथे मोडावी लागेल.

यूकॅट एका वर्षात एकदाच देता येते. पण गुण अर्जाच्या आधी हातात येतात, हा फायदा लक्षात ठेव. ब्रिटनमध्ये मेडिकलसाठी चारच ठिकाणी अर्ज करता येतो आणि मुदत १५ ऑक्टोबरची असते. कुठे गुणांची किमान रेषा असते, कुठे ते बाकीच्या गोष्टींबरोबर तोलले जातात. नाव मोठं म्हणून कॉलेज निवडू नकोस. तुझ्यापाशी जे आहे त्याला जिथे वजन आहे, तिथे अर्ज कर.

‘डॉक्टरच का?’ हा तुझ्या यादीतला पहिला प्रश्न. त्याखाली तू लिहिलं आहेस, ‘लोकांची सेवा करायची आहे.’ मीही हेच म्हणाले होते, माझ्या पहिल्या मुलाखतीत. समोरच्या तिघांपैकी एकीने शांतपणे विचारलं, ‘मग नर्स का नाही?’ मी म्हणाले, निर्णय डॉक्टर घेतात. तिने मान डोलावली आणि काहीतरी टिपून घेतलं. त्या वर्षी माझी निवड झाली नाही. ती स्वतः तीस वर्षं वॉर्डात काढलेली नर्स होती, हे मला बाहेर आल्यावर कळलं. पुढचं वर्षभर मी आठवड्यातून दोन दिवस एका वृद्धाश्रमात मदतीला जात होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस कशी बदलून द्यायची, जखम होणार असेल तर ती आधी त्वचेच्या रंगावरून कशी ओळखायची, हे मला तिथल्या नर्सने शिकवलं. त्या वेळी किती निर्णय ती एकटी घेत होती! मग पुन्हा तोच प्रश्न आला तेव्हा मला खरं उत्तर देता आलं. मला त्या जखमेच्या मागे जायचं होतं, ती का होते आणि का भरत नाही ते शोधायचं होतं, आणि त्या शोधाची जबाबदारी अंगावर घ्यायची होती. तुझं उत्तर माझ्यासारखं नसेल. पण ते अशाच कुठल्यातरी दिवसातून आलेलं असू दे.

तू दवाखान्यात किती तास काढलेस याला फार किंमत नाही. त्यातली एक दुपार मला तीन मिनिटं सांगता येते का, ते बघ. सांगताना रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील चुकूनही घेऊ नकोस. परीक्षकाच्या कानाला ते लगेच टोचतं. आणि अर्जातल्या निवेदनात असं एकही वाक्य नको ज्यावर तुला बोलता येणार नाही. परीक्षक नेमकं तेच उचलतो.

नीतिशास्त्राच्या प्रश्नांची तुला जास्त भीती वाटते, असं दिसतं. बोशॅम्प आणि चाइल्ड्रेस यांनी १९७९ मध्ये मांडलेली चार तत्त्वं तू पाठ केली आहेस: रुग्णाची स्वायत्तता, हित, अपाय न करणं आणि न्याय. चांगलं केलंस. पण पंधरा वर्षांची मुलगी डॉक्टरला म्हणते, ‘आईबाबांना सांगू नका’, तेव्हा तत्त्वांची नावं घेतल्याने तिचं काही होत नाही. तिला कशाची भीती आहे? तिला काय घडतंय ते नीट समजलंय का? घरात तिला धोका आहे का? गप्प राहिलं तर काय बिघडेल, सांगितलं तर काय? आणि हे मी एकटीने ठरवावं, की वरिष्ठांना विचारावं? हे प्रश्न मोठ्याने विचार, त्यांचा क्रम लाव. मग शेवटी एक बाजू घे. काही मुलं दोन्ही बाजू सुंदर मांडतात आणि तिथेच थांबतात. तसं करू नकोस. रुग्णाला निर्णय हवा असतो.

काही ठिकाणी विज्ञानावर बोलतं करतात. माझा आवडता प्रश्न होता, ‘पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटांना सुरकुत्या का पडतात?’ बहुतेक जण सांगायचे, त्वचा पाणी शोषते म्हणून. मग मी म्हणायचे, ‘बोटाचा मज्जातंतू तुटलेला असेल तर त्या बोटाला सुरकुत्या पडत नाहीत.’ खरी मुलाखत इथून सुरू व्हायची. काही जण पहिलं उत्तर धरून बसायचे. एका मुलाने मात्र कपाळावर हात मारला आणि म्हणाला, ‘म्हणजे हे शरीर स्वतः करतंय!’ आणि मग रक्तवाहिन्या आकसत असतील का, असा स्वतःच विचार करत गेला. स्वतःचं उत्तर चुकल्याचा त्याला आनंद झाला होता. त्याला मी पूर्ण गुण दिले.

शेवटी तुझ्या मैत्रिणीबद्दल. गेल्या वर्षी तिला चारही ठिकाणांहून नकार आला आणि ‘आपण त्या लायकीच्याच नाही’ असं तिला वाटतं, असं लिहिलंस. तिला ही गोष्ट जरूर सांग. १९७९ साली ह्यूस्टनच्या टेक्सस विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने ८०० जणांच्या मुलाखती घेऊन १५० विद्यार्थी निवडले. मग राज्याच्या विधिमंडळाने ऐनवेळी आणखी ५० जागा भरायला लावल्या. तोवर यादीतली वरची मुलं इतरत्र गेली होती. उरली होती ७०० ते ८०० या क्रमांकांतली, मुलाखतीत तळाला गेलेली. त्यांतलीच ५० घेतली. डिव्हॉल आणि सहकाऱ्यांनी पुढे दोन्ही गटांची प्रगती ताडून पाहिली आणि १९८७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात ती छापली. शिक्षणात किंवा पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक सापडला नाही. नाकारलेली मुलं निवडलेल्यांच्या बरोबरीने डॉक्टर झाली. आम्ही टेबलाच्या पलीकडे बसणारे चुकतो, बाळा. एमएमआयसारख्या पद्धती त्या चुका कमी करण्यासाठीच आल्या, पण चुका संपलेल्या नाहीत. तिला कोणत्या टप्प्यावर नकार आला ते विचार: परीक्षेच्या गुणांवर की मुलाखतीनंतर? पुढचं वर्ष कुठे खर्च करायचं ते त्यावर ठरेल. आणि तिला मला फोन करायला सांग.

तूही रविवारी संध्याकाळी फोन कर. यादी जवळ घेऊन बसू नकोस. मी तुला एक प्रसंग वाचून दाखवीन, दोन मिनिटं विचाराला देईन, आणि मग त्या प्रसंगातली दुसरी व्यक्ती मी होईन. थोडी रागावलेली असेन, आधीच सांगून ठेवते.

तुझी,
डॉक्टरमावशी