एल्डर स्क्रोल्स गेम्समधला वेडाचा देव शिओगोराथ कोण, आणि त्याला भजतं तरी कोण?

शिओगोराथ हा डेड्रा राजपुत्रांपैकी (म्हणजे या गेम्समधल्या देवांसारख्या बलाढ्य शक्तींपैकी) एक, वेडेपणाचा स्वामी. त्याचं राज्य म्हणजे शिव्हरिंग आयल्स. 'ऑब्लिव्हियन' (2006) या गेमच्या 2007 सालच्या विस्तारात तिथे प्रत्यक्ष जाता येतं. राज्याचे दोन भाग आहेत: रंगीबेरंगी मेनिया आणि काळवंडलेला डिमेन्शिया. मेनियात नशेत बुडालेले कलावंत आणि भ्रमात जगणारे लोक राहतात, तर डिमेन्शियात संशयाने पोखरलेले. तिथली सरदारीण सिल हिला प्रत्येक माणूस आपल्या जिवावर उठलाय असंच वाटत असतं.

मुख्य जगातही त्याचं देवस्थान आहे. नैवेद्य काय, तर लेट्यूसचा गड्डा, लोकरीचा गुंडा आणि एक सोल जेम (आत्मा साठवणारं रत्न)! तो वाहिला की देव तुम्हाला एका गावात पाठवून तिथली जगबुडीची भविष्यवाणी खरी करून दाखवायला सांगतो. बिचारे गावकरी. मॉरोविंड प्रांतातले डन्मर (काळे एल्फ) मात्र त्याला चार संकटदेवतांमध्ये मोजतात, भजत नाहीत.

मला सगळ्यात आवडते ती त्याची मूळ कथा. तो आधी जिगलॅग होता, काटेकोर व्यवस्थेचा देव. त्याची वाढती ताकद पाहून बाकीचे राजपुत्र धास्तावले आणि शाप देऊन त्यांनी त्याला त्याच्याच नेमकं उलट बनवलं. प्रत्येक युगाच्या शेवटी तो पुन्हा जिगलॅग होतो, आपलंच राज्य उद्ध्वस्त करतो आणि परत वेडा होतो. हे चक्र खेळाडू मोडतो, पण मग वेड्यांच्या सिंहासनावर त्यालाच बसावं लागतं.